जुना संगणक आणि दुसरं बिऱ्हाड

‘अरे, हा म्हणतोय मुदत संपली. माझी की त्याची?’

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ओपीडी संपवून घरी आलो, तेव्हा अप्पांनी दारातच विचारलं. अप्पा ८४ वर्षांचे, निवृत्त शाळामास्तर. रोज सकाळी दहा ते बारा ते घरच्या संगणकासमोर बसतात आणि आमच्या गावच्या शाळेचा इतिहास टाइप करतात. चारशे पानं झाली आहेत. त्या दिवशी पडद्यावर एक सूचना आली आणि त्यांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली होती.

मुदत संपली होती ती विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमची. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने तिला नेहमीची सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ घ्यावी, तर तिच्या अटी कडक. संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. आमचा संगणक २०१६ चा, प्रोसेसर सहाव्या पिढीचा. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, ‘नवीन घेऊन टाका डॉक्टर, हा आता भंगार.’

संगणक मात्र व्यवस्थित चालत होता. रुग्णाचं वय बघून उपचार थांबवू नयेत, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. तेच इथे लागू करायचं ठरवलं.

आरोग्याच्या सदरात हे कशाला?

कारणं दोन आहेत. पहिलं सुरक्षेचं. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये चुका सापडत राहतात आणि चोर त्याच वाटेने आत शिरतात. अपडेट म्हणजे ती वाट बुजवणं. फ्लूचा विषाणू बदलतो म्हणून लसही दरवर्षी बदलावी लागते, तसंच हे. अपडेट थांबलेला संगणक त्या दिवशी बंद पडत नाही, पण दर महिन्याला थोडा अधिक उघडा पडत जातो.

याची किंमत रुग्णालयांनी मोजलेली आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तो संगणकातल्या फाइलींना कुलूप घालायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या साधारण एक-तृतीयांश रुग्णालय-संस्थांना त्याचा फटका बसला. अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या, काही ठिकाणी तातडीचे रुग्ण दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवावे लागले. ज्या भगदाडातून हा व्हायरस शिरला, ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी आलेलं होतं. असंख्य संगणकांवर ते कुणी टाकलंच नव्हतं. आपल्या घरच्या संगणकातही बँकेचे व्यवहार, आधार कार्डाच्या प्रती आणि घरातल्या सगळ्यांचे तपासणी अहवाल असतातच.

दुसरं कारण भंगाराचं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्के कचऱ्याच्या रीतसर पुनर्प्रक्रियेची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हाताने फोडला जातो. तांबं काढण्यासाठी वायरी जाळल्या जातात, त्या धुरात आणि राखेत शिसं असतं, कॅडमियम असतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि रक्तात ते अमुक पातळीपर्यंत चालतं अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. आपला चालू संगणक आणखी चार-पाच वर्षं चालला, तर तेवढा एक डबा त्या ढिगात उशिरा जातो. एकट्याने फार फरक पडत नाही, पण विंडोज १० ची मुदत संपल्यामुळे टाकाऊ ठरू शकणाऱ्या संगणकांची संख्या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने सुमारे २४ कोटी धरली होती. हा आकडा एकेका घरातूनच तयार होतो.

पर्याय कोणते?

पहिला, मायक्रोसॉफ्टची काही अटींवर मिळणारी एक वर्षाची वाढीव सुरक्षा-मुदत. ती औषधाने ताप उतरवण्यासारखी, वेळ मिळतो एवढंच. दुसरा, नवा संगणक. तिसरा, लिनक्स.

लिनक्सची गोष्ट १९९१ मध्ये हेलसिंकीत सुरू झाली. लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर लिहायला घेतलेला हा गाभा त्याने सर्वांसाठी खुला केला आणि जगभरच्या लोकांनी तो वाढवला. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सच आहे आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर चालतात. घरच्या वापरासाठी या गाभ्यावर उभारलेल्या उबंटू, लिनक्स मिंट अशा तयार सिस्टीम मोफत मिळतात. आम्ही मिंट निवडली. तिची मांडणी विंडोजच्या जवळची आहे आणि ४ जीबी रॅमवर ती बरी चालते. तिच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

मग विंडोज काढूनच का टाकली नाही? अप्पांची चारशे पानं एका जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्याचे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि दुसरीकडे ती फाइल उघडली की मराठीऐवजी नुसती चिन्हांची खिचडी दिसते. मराठीत फार वर्षं लेखन करणाऱ्या कितीतरी लोकांची हीच अडचण आहे. म्हणून मधला मार्ग काढला. जुन्या वाड्यात मालकाला न हलवता दोन खोल्या वेगळ्या करून बिऱ्हाडकरू ठेवायचे, तसं एकाच हार्ड डिस्कवर विंडोजच्या शेजारी लिनक्सला जागा करून द्यायची. संगणक सुरू करताना विचारतो, आज कोणाकडे जायचं? यालाच ड्युअल बूट म्हणतात.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मागच्यासारखं नको करूस म्हणजे झालं.’

मागच्या वेळी काय झालं

ही गोष्ट २०११ ची. मित्राने उबंटूची सीडी दिली होती. रात्रपाळी करून आलो होतो, झोप येत नव्हती, म्हणून ती संगणकात घातली. मध्ये एका टप्प्यावर तो प्रोग्राम विचारतो, सध्याच्या सिस्टीमच्या शेजारी बसवू, की डिस्क पुसून बसवू? मी न वाचता दुसऱ्या पर्यायावर क्लिक केलं. खात्री करून घेण्यासाठी त्याने पुन्हा विचारलं, तेव्हाही ‘हो’ म्हणालो. वीस मिनिटांत सुंदर नवी सिस्टीम तयार झाली आणि त्याआधीचं सगळं गेलं.

त्यात आईच्या ओव्या होत्या. आई २०१० मध्ये गेली. त्याआधी एका सुट्टीत तिला समोर बसवून मी मोबाइलवर १४ ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. त्या फक्त त्याच संगणकात होत्या, दुसरी प्रत नव्हती. डेटा परत मिळवून देणाऱ्या एका कारागिराकडे डिस्क दिली. आठ दिवसांनी तीन ओव्या मिळाल्या. अकरा गेल्या.

दोष लिनक्सचा नव्हता. रुग्णाच्या नातेवाइकाची सही घेण्याआधी संमतीपत्र वाचून दाखवणारा मी, स्वतः दोन ओळी वाचल्या नव्हत्या. अप्पा तेव्हा काहीच बोलले नाहीत. चौदा वर्षांनी जे बोलले, ते वर लिहिलं आहे.

आधीची तयारी

म्हणून या वेळी बसवण्याला एक सकाळ दिली आणि तयारीला एक आठवडा. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देण्याआधी यादी वाचली जाते, तशी यादी कागदावर केली. तीच इथे देतो.

एक, बॅकअप. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आम्ही एक प्रत एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतली, दुसरी पेनड्राइव्हवर घेऊन बहिणीकडे ठेवली. नुसतं कॉपी करून थांबू नका. त्यातल्या पाच-दहा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे एक्स्पायरी न बघितलेलं औषध. आणि काम सुरू करताना ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा.

दोन, कुलपाची किल्ली. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाची सोय असते. अनेक लॅपटॉपवर ती मालकाला ठाऊक नसतानाही सुरू असते. ती सुरू असेल तर सुरुवातीच्या रचनेत बदल झाल्यावर विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती नसेल तर आपल्याच फाइली आपल्याला बंद. सेटिंगमध्ये जाऊन आधी खात्री करा, किल्ली कागदावर उतरवा आणि कागद संगणकाच्या पिशवीत ठेवू नका.

तीन, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ही सोय सुरू असताना विंडोज बंद केली तरी ती पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून. त्या अवस्थेत शेजारच्या सिस्टीमने तिच्या खोलीत काही लिहिलं, तर फाइली बिघडू शकतात. ही सोय कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवरच्या पर्यायांत सापडते.

चार, डिस्कची तब्येत. जुनी हार्ड डिस्क कटकट आवाज करत असेल किंवा फाइली उघडताना अडकत असेल, तर तिच्यावर हा प्रयोग नको. आधी डेटा बाहेर काढा. संगणकात जागा असेल तर लिनक्ससाठी वेगळी छोटी एसएसडी बसवणं हा सर्वांत निर्धोक मार्ग. मग विंडोजच्या डिस्कला हात लावावाच लागत नाही आणि वेगही वाढतो.

पाच, जागा मोकळी करणं. हे विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनाने करावं, तिच्या खोल्या तिलाच आवरू द्याव्यात. मिंटला किमान २० जीबी लागतात, पण वापरायची असेल तर १०० जीबी द्या. आमची डिस्क एक टीबीची, दोन-तृतीयांश रिकामी. त्यातून १५० जीबी काढले आणि विंडोज पुन्हा सुरू करून ती ठीक आहे ना, ते पाहिलं.

सहा, वीज. जागेची वाटणी सुरू असताना दिवे गेले तर दोन्ही बिऱ्हाडं रस्त्यावर येतात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर घ्या. तुमच्याकडे वीज कधी जाते हे तुम्हाला माहीत असतंच, ती वेळ टाळा.

टेस्ट डोस

वॉर्डात काही इंजेक्शनांआधी आम्ही टेस्ट डोस देतो. लिनक्समध्ये ही सोय आयती आहे. मिंटची फाइल, साधारण तीन जीबीची, अधिकृत संकेतस्थळावरून उतरवायची आणि रुफस किंवा एचर अशा मोफत प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. त्या पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

उतरवलेली फाइल अस्सल आहे का, हे तिच्या ‘चेकसम’वरून तपासा. फाइलीचं हे एक प्रकारचं बोटाचं ठसे-पत्रक. हा अतिसावधपणा नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी चोरांनी खुद्द मिंटच्याच संकेतस्थळात घुसून डाउनलोडची लिंक बदलली होती आणि त्या दिवशी काही लोकांनी भेसळ केलेली आवृत्ती उतरवली.

मग पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना एफ-१२, एफ-२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी आपल्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबायचं आणि पेनड्राइव्हवरून सुरुवात करायची. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, डिस्कवर काहीही न लिहिता. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, पडदा नीट दिसतो का, हे बघा. आम्ही दोन दिवस असंच वापरलं. प्रिंटर चालला, जुना स्कॅनर चालला नाही. तो विंडोजकडेच राहील असं ठरलं. हे आधी कळलं, म्हणून नंतर चिडचिड झाली नाही.

प्रत्यक्ष दिवस

रविवारी सकाळी पोहे खाऊन, झोप पूर्ण झालेली असताना बसलो. इंजिनिअरिंगला असलेला भाचा शेजारी होता. त्याला एकच काम दिलं होतं, मी बटण दाबण्याआधी पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचायची. अप्पा मागे खुर्ची घेऊन बसले.

तो प्रश्न आला. ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ आणि ‘डिस्क पुसून बसवा’. भाच्याने दोन्ही ओळी वाचल्या. पहिली निवडली. शेवटी त्याने काय काय बदलणार आहे याची यादी दाखवली. तीही वाचली, आकडे कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले, मगच पुढे गेलो. अर्ध्या तासात काम झालं.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो. ‘शेजारी बसवा’ हा पर्याय दिसलाच नाही, तर दुसरा कोणताही पर्याय दाबू नका. तिथेच थांबा आणि बाहेर पडा. विंडोज नीट बंद झालेली नसते, डिस्कला कुलूप असतं, पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू झालेला असतो किंवा काही लॅपटॉपवर डिस्क वेगळ्या पद्धतीने जोडलेली असते, म्हणून तो दिसत नाही. कारण शोधता येतं. पुसलेली डिस्क परत आणता येत नाही.

नंतरच्या तक्रारी

पहिली तक्रार दुसऱ्याच दिवशी. विंडोज उघडली तर घड्याळ साडेपाच तास मागे. अप्पांना वाटलं संगणक बिघडला. बिघाड नव्हता. संगणकातलं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज ते स्थानिक वेळ समजून वाचते. भारताची वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून नेमका तेवढाच फरक. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक ओळ लिहिली की भागतं.

दुसरी गोष्ट, विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी कधी सुरुवातीची यादी दिसेनाशी होते आणि थेट विंडोज उघडते. लिनक्स बहुतेक वेळा जागेवरच असतं, बूटचा क्रम बदलावा लागतो. ऑगस्ट २०२४ मधल्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेकांच्या ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं आणि नंतर दुरुस्ती दिली. अशा वेळी तो लिनक्सचा पेनड्राइव्ह कामाला येतो, म्हणून पुसू नका. आणि पुढेमागे लिनक्स नको झालं, तर विंडोजमधून त्याची जागा नुसती पुसून टाकू नका. सुरुवातीची यादी त्याच जागेवर अवलंबून असते, ती गेली की संगणक सुरू होताना अडतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेजारी लिनक्स आलं म्हणून विंडोज १० सुरक्षित होत नाही. आम्ही घरात नियम केला. इंटरनेट, बँक, ईमेल, अहवाल हे सगळं लिनक्समध्ये. विंडोज फक्त अप्पांच्या टायपिंगसाठी आणि स्कॅनरसाठी, आणि तिथे वायफाय कायम बंद. हा नियम पाळणार नसाल, तर एवढ्या खटाटोपाचा अर्धा फायदा गेला.

कुणी करू नये, तेही सांगतो. रुग्णालयातल्या किंवा कार्यालयातल्या संगणकावर परवानगीशिवाय कधीही नाही. उद्या परीक्षा किंवा रिटर्न भरायची शेवटची तारीख असेल तर आज नाही. आणि बॅकअप नसेल तर अजिबात नाही.

अप्पा आता रोज संगणक सुरू करताना यादीतून स्वतः निवडतात. सकाळी विंडोज, संध्याकाळी कीर्तन ऐकायला लिनक्स. इन्स्क्रिप्ट कळफलकावर युनिकोडमध्ये मराठी लिहायलाही शिकत आहेत. शाळेच्या इतिहासाचं नवं प्रकरण त्यांनी त्यातच सुरू केलं आहे, म्हणजे ते कुठेही उघडेल.

बसवून झालं त्या रविवारी मी विचारलं होतं, ‘अप्पा, काय लावू आधी?’ ते म्हणाले, ‘तिच्या ओव्या लाव.’ लावल्या. तिन्ही संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

‘तीनच राहिल्या, अप्पा,’ मी म्हणालो.

‘तीन तरी आहेत. किती ठिकाणी ठेवल्यास?’

‘तीन ठिकाणी.’

‘चौथी प्रत माझ्या फोनमध्ये टाक,’ ते म्हणाले, आणि फोन पुढे केला.